चांदीची साखळी घरी घडवताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळच्या टपालात चांदीच्या साखळीविषयीची पत्रे अधिक होती. एकाच स्वरूपाचे प्रश्न एकत्र करून आणि काही पत्रे संक्षिप्त करून ती येथे घेतली आहेत.

प्रश्न: मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. मोत्यांच्या माळा ओवण्याचे काम मी घरून करते आणि आता चांदीची साखळी स्वतः घडवावी अशी इच्छा आहे. गुजरीच्या सराफ बाजारात चौकशी केली, तेव्हा "यंत्राची साखळी तयार मिळते, तुम्ही कशाला त्रास घेता?" असे ऐकावे लागले. हे काम घरी शिकण्यासारखे आहे का? असल्यास सुरुवात कशापासून करावी?

उत्तर: गुजरीत मिळालेले उत्तर व्यापाऱ्याच्या बाजूने बरोबरच आहे. यंत्रातून साखळी मीटरच्या हिशेबाने निघते आणि घडणावळीच्या बाबतीत हाताने तिच्याशी बरोबरी करता येत नाही. आपला प्रश्न मात्र शिकण्याविषयीचा आहे आणि हे काम घरी निश्चित शिकता येते. फक्त कामाचा क्रम उलटा करू नये. बहुतेक नवशिके कोणत्या विणीची साखळी करायची इथपासून सुरुवात करतात. साखळीचा कस खरे तर कडीत असतो. सर्व कड्या एका मापाच्या असतील आणि प्रत्येकीचा सांधा बिनफटीचा असेल, तर एकात एक ओवलेली अगदी साधी साखळीही अंगावर सुरेख पडते. कड्या ओबडधोबड असतील, तर कितीही गुंतागुंतीची वीण घातली तरी ती गळ्यात खरखरते आणि केसांत अडकते. म्हणून पहिले काही आठवडे फक्त कड्या कराव्यात, त्याही तांब्याच्या, आणि विस्तवाला हात न लावता.

तांब्याची तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात सहज मिळते. त्या तारेवर रोगणाचा थर असतो, हे लक्षात ठेवावे. नुसत्या वळण्याच्या सरावाला ती चालते; पुढे झाळण्याचा, म्हणजे कमी आचेवर वितळणाऱ्या धातूने सांधा जोडण्याचा, सराव करताना मात्र ती वापरू नये, कारण तो थर जळून घातक धूर होतो आणि सांधाही धरत नाही. त्या टप्प्यासाठी उघडी तार वेगळी घ्यावी. जाडी 20 गेजची, म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटर असावी. तारेच्या दुकानात गेज सांगताना ते इंग्लंडचे की अमेरिकेचे हे विचारून घ्यावे, कारण अमेरिकन 20 गेज 0.81 मिलिमीटर भरते आणि एवढ्या फरकाने वीण बसत नाही. गेजपेक्षा मिलिमीटरमध्येच बोलणे सर्वांत सुरक्षित.

कडी वळण्यासाठी गुळगुळीत पोलादी सळई लागते. कोल्हापूरकरांची यात मोठी सोय आहे. शिवाजी उद्यमनगरातील कोणताही लेथवाला 3, 4 आणि 5 मिलिमीटर व्यासाच्या वीतभर सळया नेमक्या मापात काढून देईल. सळईवर तार गुंडाळताना प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला चिकटून बसला पाहिजे आणि तारेवरचा ताण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा राहिला पाहिजे. सळई काढून घेतल्यावर वेढे किंचित सैलावतात, त्यामुळे कडीचा आतला व्यास सळईपेक्षा थोडा जास्त भरतो. तो मोजून वहीत लिहून ठेवावा.

यानंतरच्या कापणीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. कटरने तोडलेल्या तारेचे एक टोक सपाट आणि दुसरे टोकदार होते, आणि असा सांधा कधीच नीट मिटत नाही. म्हणून सोनारी करवतीत बारीक पाते लावून वेढ्यांच्या गुंडाळीवर उभी चीर द्यावी. दोन्ही टोके सपाट निघतात आणि कड्या एकामागून एक सुट्या होऊन पडतात. पात्याला मेण लावले तर ते कमी तुटते. तरीही पाती तुटतातच. ती डझनाने विकली जातात त्याला कारण आहे.

कडी उघडताना टोके बाहेर फाकवू नयेत, कारण त्याने गोलाई बिघडते आणि ती पुन्हा येत नाही. आतून बिनदातेरी अशा दोन सपाट पकडींत कडीची दोन टोके धरावीत आणि एक हात पुढे, दुसरा मागे असा बाजूला पीळ द्यावा. मिटवताना हाच पीळ उलटा फिरवायचा. मात्र टोके समोरासमोर आली की तेथेच न थांबता, आतल्या बाजूस हलका दाब देत ती एकमेकांच्या किंचित पुढे न्यावीत आणि परत आणावीत. टोके एकमेकांवर घासल्याची बारीक खरखर बोटांना जाणवली, की सांधा बसला असे समजावे. मग कडी खिडकीकडे धरून पाहावी. सांध्यातून उजेडाची रेघ दिसत असेल, तर ती कडी साखळीत जाऊ देऊ नये.

एवढे हातात बसल्यावर वीण. येथे एक गुणोत्तर उपयोगी पडते: कडीचा आतला व्यास भागिले तारेची जाडी. साध्या साखळीला ते 4 ते 5 असले तरी चालते. बायझंटाईन नावाची चौकोनी, भरीव दिसणारी जी वीण अनेकांना आवडते, तिला ते साडेतीनच्या आसपास लागते, म्हणजे 0.9 मिलिमीटर तारेसाठी आतला व्यास 3.2 मिलिमीटरजवळ. यापेक्षा कमी झाला तर शेवटची कडी आत शिरत नाही, आणि फार वाढला तर साखळी लुळी पडते. या विणीत कड्या न झाळता नुसत्या मिटवूनही साखळी टिकते, कारण प्रत्येक ठिकाणी त्या जोडीने असतात आणि ताण वाटला जातो. घरी शिकणाऱ्याने चांदीची पहिली साखळी हीच करावी, असे माझे मत आहे.

प्रश्न: साखळीसाठी 999 ची चांदी घ्यावी की 925 ची? तिची शुद्धता कशी पडताळावी? तसेच घरात आजीचे जुने पैंजण आहेत, ते वितळवून तार काढता येईल का? (मंगळवार पेठेतील एक विद्यार्थिनी)

उत्तर: शुद्ध, म्हणजे 999 ची, चांदी फार मऊ असते; नुसत्या मिटवलेल्या कड्या तिच्या केल्या, तर थोडा ताण येताच त्या उघडतात. 925 च्या चांदीत साडेसात टक्के दुसरा धातू, बहुधा तांबे, असतो आणि त्याने तारेला ताठपणा येतो. म्हणून न झाळलेल्या विणीसाठी 925 घ्यावी, तीही फार मऊ न केलेली. शुद्ध चांदीचा उपयोग वेगळ्या प्रकारच्या साखळीसाठी होतो. त्याविषयी पुढे एका पत्राच्या उत्तरात लिहिले आहे.

भारतीय मानक ब्यूरोचा हॉलमार्क दागिन्यांवर आणि वस्तूंवर उमटतो, सुट्या तारेवर नाही. तो सोन्याला सक्तीचा आहे, तसा चांदीला नाही. मात्र 1 सप्टेंबर 2025 पासून हॉलमार्क केलेल्या चांदीच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळखखूण येऊ लागली आहे. तारेच्या बाबतीत ओळखीच्या पेढीवरून घेणे आणि शंका असल्यास टंच, म्हणजे शुद्धतेचे प्रमाण, काढून घेणे हाच मार्ग आहे. क्ष-किरणांच्या यंत्रावर टंच काही मिनिटांत कळतो, परंतु ते यंत्र पृष्ठभागच वाचते. वरून चांदीचा मुलामा दिलेल्या मालाचा टंच त्यावर चांगला निघू शकतो; तारेचे टोक कापून आतला भाग दाखवावा.

आजीचे पैंजण घरी वितळवू नयेत. जुन्या पैंजणांत असंख्य सांधे असतात आणि त्या प्रत्येक सांध्यात हलक्या टंचाचे झाळण असते, त्यामुळे सगळे एकत्र वितळले की निघणारी चांदी मूळ पत्र्यापेक्षा कमी टंचाची होते आणि तिची तार ओढताना तडकते. त्यातून मुशीतली चांदी ओतणे हे नवशिक्याच्या स्वयंपाकघरातले काम नव्हे. पैंजण चांगल्या घडणीचे असतील, तर ते तसेच ठेवावेत, हे आपण विचारले नसतानाही सांगतो. ते तुटलेलेच असतील, तर कारागिराकडे नेऊन त्यांच्या टंचाइतकी चांदी बदलून घ्यावी किंवा शुद्ध करून तार ओढून घ्यावी. तार ओढताना ती पोलादी पट्टीच्या उतरत्या मापाच्या छिद्रांतून एकामागून एक काढतात आणि कडक होऊ लागली की ताव देऊन पुन्हा मऊ करतात. हे एकदा समोर बसून पाहावे. तारेचा स्वभाव त्यातून जितका कळतो तितका वाचून कळत नाही.

किती चांदी लागेल, याचा अंदाज असा: 0.9 मिलिमीटर तारेच्या एका मीटरचे वजन साधारण 6.6 ग्रॅम भरते. आतला व्यास 4 मिलिमीटर असलेल्या कड्यांच्या साध्या साखळीत एक कडी लांबीला 4 मिलिमीटरच देते, म्हणून 45 सेंटीमीटरच्या साखळीला सुमारे 112 कड्या आणि पावणेदोन मीटर तार लागते. वजन साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जुन्या हिशेबाचा जेमतेम एक तोळा. घट धरून थोडी जास्त घ्यावी. बायझंटाईन विणीला तेवढ्याच लांबीत याच्या काही पट चांदी जाते.

घटीवरून एक सूचना. करवतीखाली स्वच्छ कागद किंवा मांडीवर कातडे पसरून पडणारा कीस डबीत जमा करावा. गुजरीच्या गल्ल्यांतली माती धुऊन त्यातून सोने-चांदी वेचणारे झारेकरी याच किसावर पोट भरत आले आहेत. आपण तो केराच्या टोपलीत टाकण्याचे कारण नाही.

प्रश्न: मी इचलकरंजीचा आहे. लहान गॅस टॉर्च घेऊन 925 च्या कड्या झाळण्याचा प्रयत्न करतो. झाळण गोळा होऊन बाजूला बसते, सांध्यात जातच नाही. उष्णता वाढवली की कडीच वितळते. एखादी कडी जमली तर शेजारची उखडते. कोठे चुकते?

उत्तर: आपल्या पत्रात तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि तिन्हींचे मूळ चांदीच्या एका गुणात आहे. सर्व धातूंमध्ये चांदी उष्णतेची सर्वांत चांगली वाहक आहे. ज्योत नुसत्या सांध्यावर धरली, तर तेथली उष्णता क्षणात कडीभर पसरते. सांधा तापत नाही, पण वर ठेवलेला झाळणाचा कण मात्र थेट ज्योतीत सापडून वितळतो आणि थंड चांदीवर गोळी होऊन बसतो. वितळलेले झाळण नेहमी जास्त तापलेल्या बाजूकडे धावते. म्हणून आधी सांध्यासमोरची बाजू, मग संपूर्ण कडी गोल फिरत्या ज्योतीने सारखी तापवावी आणि अगदी शेवटी ज्योत सांध्यावर आणावी. कडी योग्य तापली असेल, तर झाळण सांध्यात एकदम ओढले जाते आणि तेथे चकाकती बारीक रेघ दिसते. ती दिसताक्षणी ज्योत बाजूला झाली पाहिजे.

त्या क्षणी थांबण्याचे कारण आकड्यांत आहे. नेहमीचे मध्यम झाळण 700 ते 750 अंश सेल्सियसच्या दरम्यान वितळते. 925 ची चांदी साधारण 800 अंशांच्या पुढे वितळू लागते आणि 890 च्या आसपास पूर्ण पातळ होते. 0.9 मिलिमीटरच्या कडीला हे अंतर ओलांडायला एक-दोन सेकंद पुरतात. उजेडात चांदीची लाली डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे अंधूक उजेडात काम करावे; मंद लाल रंग चढताना दिसला की हात आपोआप सावध होतो.

झाळण न जाण्याची आणखी दोन कारणे असतात. सांध्यात फट असेल, तर झाळण ती भरून काढत नाही. ते फक्त टेकलेल्या दोन पृष्ठांमधून शिरते. आणि कडीला बोटांचे तेल किंवा काळपटपणा असेल, तर ते चांदीला धरतच नाही. कडी घासून स्वच्छ करावी, सांध्याला टाकणखाराची पातळ लापशी लावावी, प्रथम हलक्या आचेवर तिचे पाणी उडू द्यावे आणि टाकणखार फुगून पुन्हा काचेसारखा बसला की मगच आच वाढवावी. घाई केली, तर फुगणारा टाकणखार झाळणाचा कण उडवून लावतो. झाळणाचा कण बाजरीच्या दाण्याच्या पावपट पुरेसा आहे. नवशिके हटकून जास्त घालतात आणि मग कडीवर गाठ दिसते.

शेजारच्या कड्या उखडू नयेत म्हणून क्रम बदलावा. अर्ध्या कड्या साखळीत न ओवता सुट्याच झाळून घ्याव्यात. मग अशा दोन बंद कड्यांमध्ये एक उघडी कडी घालून ती झाळावी आणि तीन-तीनचे गट करावेत. दोन गट आणखी एका कडीने जोडावेत, आणि असेच पुढे जावे. त्यामुळे दर खेपेला एकच सांधा आचेत असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या कड्या चिमट्याने दूर धरता येतात. जपायच्या सांध्यांवर गेरूची लापशी लावली, तर तेथले झाळण पुन्हा वितळले तरी हलत नाही.

झाळल्यावर कडी काळवंडते, कारण चांदीतले तांबे हवेत जळते. कारखान्यात ती तेजाबाच्या पाण्यात टाकतात. घरी तेजाब आणू नये. पेलाभर गरम पाण्यात दोन चमचे लिंबूफूल घातले की पुरते, किंवा आपल्याकडच्या जुन्या पद्धतीने चिंचेच्या कोळात उकळावे. या पाण्यात लोखंडी चिमटा बुडवू नये. एकदा बुडाला, की आतले सगळे काम तांबूस होऊन निघते, कारण पाण्यात उतरलेले तांबे चांदीवर चढते. बांबूची किंवा तांब्याची चिमटी वापरावी.

आता जे सांगतो, त्यात सवलत नाही. झाळण विकत घेताना ते कॅडमियमविरहित आहे का, हे स्पष्ट विचारावे आणि उत्तर गुळमुळीत आले तर घेऊ नये. सोनारी बाजारात कॅडमियमचे झाळण वर्षानुवर्षे चालत आले आहे, कारण ते छान वाहते. त्याचा धूर मात्र फुफ्फुसांना आणि मूत्रपिंडांना इजा करतो आणि बंद खोलीत बसणाऱ्याला ती प्रथम जाणवतही नाही. काम उघड्या खिडकीपाशी, अग्निरोधक विटेवर करावे. अंगात सुती कपडे असावेत, केस बांधलेले असावेत आणि पाण्याची बादली हाताशी असावी. स्वयंपाकाच्या ओट्यावर, सिलिंडरच्या शेजारी टॉर्च पेटवू नये. आणि शक्य असेल तर पहिल्या काही कड्या एखाद्या कारागिराच्या नजरेखाली झाळाव्यात. आपल्यापासून हुपरी दूर नाही आणि तेथे हे काम घरोघर चालते.

प्रश्न: जुन्या गोफासारखी, हातात घेतली की दोरीसारखी मऊ लागणारी चांदीची साखळी घरी करता येते का? (कागल येथील वाचक)

उत्तर: येते, आणि तिच्यात झाळणही लागत नाही. वर उल्लेख केलेली शुद्ध चांदी येथे उपयोगी पडते. शुद्ध चांदीत जळून काळे पडणारे तांबे नसल्यामुळे तिच्या कडीचे दोन सिरे नुसत्या आचेने एकमेकांत विरघळवून जोडता येतात. 0.65 मिलिमीटरच्या तारेच्या, साधारण 12 मिलिमीटर व्यासाच्या मोठ्या कड्या कराव्यात, सांधे घट्ट मिटवावेत आणि ज्योत कडीभर फिरवत राहावी. चांदी 962 अंशांजवळ वितळते. त्याच्या अगोदर पृष्ठभाग एकदम ओलसर, पाऱ्यासारखा चमकतो, आणि त्या चमकेतच सांधा नाहीसा होतो. पुढच्या क्षणी कडी आकसून गोळी होते, म्हणून येथे सराव हाच उपाय. शुद्ध चांदीची गोळी परत विकता येते, एवढे समाधान आहे.

जोडलेली कडी दोन गोल टोकांच्या पकडीने ओढून लांबट करायची, मधोमध चिमटून तिचे दोन फासे करायचे, आणि ती दुमडून पुढची कडी त्या दोन्ही फाशांतून ओवायची. हा प्रकार फार प्राचीन आहे. मेसोपोटेमियातील ऊर येथील राजघराण्याच्या थडग्यांत आणि आपल्या उपखंडात तक्षशिलेच्या उत्खननात अशा विणीच्या साखळ्या मिळाल्या आहेत. एकाऐवजी दोन-दोन कड्यांतून ओवत गेले, तर साखळी अधिक गोल आणि भरीव होते.

ओवून झालेली साखळी प्रथम वेडीवाकडी दिसते आणि येथे अनेकजण निराश होऊन काम सोडतात. तिला हलका ताव द्यावा. मग शिसवीच्या किंवा बाभळीच्या फळीला उतरत्या मापाची भोके पाडून तिच्यातून साखळी एकेका भोकातून ओढून काढावी. दोन-तीन भोकांतच कड्या सारख्या बसतात, साखळी थोडी लांबते, आणि दोरीसारखा जो मऊपणा आपण म्हणता तो येतो. पोलादी पट्टी यासाठी वापरू नये, ती कड्यांच्या कडा खरवडते.

प्रश्न: घडवलेली साखळी पावसाळ्यात काळी पडली. काय करावे? (रंकाळा परिसर)

उत्तर: हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सल्फाइडचा थर येतो, आणि दमट हवेत तो लवकर येतो. भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल घालून त्यावर साखळी टेकवून ठेवावी आणि वरून खाण्याचा सोडा घातलेले कडकडीत पाणी ओतावे. थर उतरून गंधक ॲल्युमिनियमकडे जाते आणि चांदी झिजत नाही. साखळी मुद्दाम काळसर केलेली असेल, तर मात्र हा उपाय करू नये, सगळी छटा निघून जाईल. एरवी रिठ्याचे पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. ठेवताना हवाबंद पिशवी वापरावी. रबराच्या सान्निध्यात चांदी ठेवू नये.

प्रश्न: साखळीला चकाकी आणण्यासाठी बफची, म्हणजे उजाळा देणाऱ्या फिरत्या चाकाची, मोटार घ्यावी का?

उत्तर: घेऊ नये. फिरत्या बफात साखळी अडकली तर ती बोटाभोवती गुंडाळून क्षणात हाताला ओढते, आणि अशा अपघातांत बोटे जातात. अनुभवी कारागीरसुद्धा साखळी लाकडी फळीवर पूर्ण गुंडाळून, सैल टोक न सोडता बफावर धरतात. घरी साखळीचे एक टोक खिळ्याला अडकवावे, रिठ्याच्या पाण्यात भिजवलेल्या पितळी ब्रशाने ती वरपासून खालपर्यंत घासावी आणि नंतर सुती फडक्यात धरून ओढत राहावी. वेळ लागतो, पण उजाळा चांगला येतो.